रस्ता कुणाकुणाला मोजतो?

(परभणी जिल्ह्यातील महिला गटांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



रस्त्यावरची वाहतूक कशी मोजतात आणि का मोजतात यावर मी बोलणार आहे, असं सकाळी सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतल्या काहीजणी हसल्या. एका मावशींनी विचारलंच, "ताई, दारूचं बोला, पोटगीचं बोला, मारहाणीचं बोला. हे गाड्या मोजायचं काय मधीच?" प्रश्न रास्त आहे. वर्षभरापूर्वी मीही असंच विचारलं असतं. एमएसडब्ल्यू करताना आम्हाला पाहणी कशी करावी, प्रश्नावली कशी भरून घ्यावी हे शिकवलं होतं. पण रस्त्याच्या कडेला कागद घेऊन बसलेल्या, गाड्यांच्या रेघा मारणाऱ्या माणसाकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

ते द्यावं लागलं एका फाट्यामुळे. गावाचं नाव घेत नाही, तिथल्या बायांनी तशी विनंती केली आहे. गाव मोठ्या रस्त्याच्या एका बाजूला आणि हायस्कूल दुसऱ्या बाजूला. रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला, गाड्यांचा वेग वाढला. आठवीतल्या एका मुलीला मोटारसायकलने उडवलं. मुलगी वाचली, पाय मोडला. पण त्यानंतर चार घरांनी आपल्या मुली शाळेतून काढल्या. "पोरीची जात, उद्या काही झालं तर कोण बघंल?" मुलगे मात्र जात राहिले. रस्ता दोघांनाही सारखाच होता. मुलीची शाळा सुटली की पुढे काय होतं हे इथे बसलेल्या कुणाला सांगायला नको. मुलगी घरी बसली की स्थळं यायला लागतात. आपण ज्या बालविवाहाविरुद्ध बोलतो, तो त्या गावात फाट्यावर येऊन उभा होता.

आम्ही आठ-दहाजणी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. मागणी साधी होती. फाट्यावर झेब्रा पट्टे, वेग कमी करायची काही सोय आणि दोन्ही बाजूंना शाळेची पाटी. साहेब नीट बोलले, बसायला खुर्च्या दिल्या. म्हणाले, "या रस्त्याची वाहतूक गणना झालेली आहे. गाड्या किती जातात ते माझ्याकडे आहे. रस्ता ओलांडणारे किती, तो आकडा नाही. आकड्याशिवाय मी वर काय लिहू?"

बाहेर आल्यावर एक काकू म्हणाल्या, "गाड्या मोजल्या आन् माणसं न्हाई मोजली व्हय?" त्या एका प्रश्नातून पुढचं सगळं काम उभं राहिलं. त्याचंच उत्तर शोधताना जे कळलं ते आज तुमच्यासमोर ठेवते.

मोजणी कशी होते

आपल्याकडे रस्त्यांचे नियम आणि मापं ठरवणारी एक संस्था आहे, इंडियन रोड्स काँग्रेस. गावाबाहेरच्या रस्त्यांवर वाहतूक कशी मोजायची याची तिची पुस्तिका १९७२ सालची आहे. १९७२ साल आपल्या मराठवाड्याला वेगळ्याच कारणाने आठवतं, त्याच्याकडे मी नंतर येते.

त्या पद्धतीप्रमाणे वर्षातून किमान दोनदा मोजणी करायची. एकदा सुगीच्या आणि बाजाराच्या दिवसांत, गाड्यांची गर्दी असते तेव्हा. आणि एकदा सुस्त दिवसांत. दरवेळी सलग सात दिवस, दिवसाचे चोवीस तास. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. मोजणाऱ्याच्या हातात छापील तक्ता असतो. वर रकाने: मोटारी-जीपगाड्या, बस, ट्रक, मोटारसायकल-स्कूटर, सायकल, बैलगाडी, घोडागाडी वगैरे. गाडी गेली की त्या रकान्यात एक उभी रेघ. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी तिरपी. आपल्या बचत गटाच्या वहीत दूध मोजणाऱ्या बाया जशा रेघा मारतात, अगदी तशाच. यात अवघड काही नाही हे आधीच सांगून ठेवते.

मोजणीची जागा शहरापासून आणि वस्तीपासून लांब घ्यायची, म्हणजे गावातली जवळची ये-जा आकड्यात मिसळत नाही. जत्रा, उरूस, प्रदर्शन असेल तर मोजणी पुढे ढकलायची, कारण ते दिवस नेहमीचे नव्हेत. परभणीचा उरूस फेब्रुवारीत भरतो हे तुम्हाला माहीत आहे. त्या गर्दीच्या दिवसांत मोजलं तर आकडा फसवा येईल, हे कुणालाही पटेल.

अलीकडे यंत्रंही आली आहेत. रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकतात. चाक तिच्यावरून गेलं की नळीतली हवा दाबली जाते आणि यंत्रात नोंद होते. डांबराखाली तारेचं वेटोळं पुरतात, ते वरून जाणारं लोखंड ओळखतं. कॅमेरे आहेत. टोलनाक्यावर फास्टॅग आहे. फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा झाला, त्यामुळे तिथून जाणाऱ्या जवळपास प्रत्येक गाडीची नोंद आपोआप राहते. नळी चाकासाठी केलेली आहे, वेटोळं लोखंडासाठी आणि फास्टॅग पैशासाठी. पावलासाठी यातलं काहीच नाही.

का मोजतात

यामागे कुणाचा दुष्ट हेतू आहे असं मला म्हणायचं नाही. मोजण्याला कारणं आहेत आणि ती समजून घेतली तरच आपल्याला भांडता येईल.

पहिलं कारण रस्त्याची जाडी. रस्ता झिजतो तो जड गाड्यांनी. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावरून महिनोन्‌महिने ट्रक चालवून पाहिले. त्यातून असं निघालं की ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होतं. म्हणून रस्ता बांधताना दिवसाला किती जड गाड्या जातात आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत किती वाढतील याचा हिशेब करतात. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे जातात, तेव्हा आपल्या गावाकडच्या डांबरी रस्त्याची दशा का होते हे यावरून कळेल.

दुसरं कारण रस्त्याची रुंदी. मोटार, ट्रक, सायकल, बैलगाडी सगळ्या एकाच रस्त्यावर चालतात, मग त्यांची बेरीज कशी करायची? त्यासाठी एक माप काढलं आहे. एका मोटारीला एक धरायचं आणि बाकी सगळं तिच्या तुलनेत. मोटारसायकल अर्धी. सायकलही अर्धी. बस किंवा ट्रक तीन. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर साडेचार. हातगाडी तीन. आणि बैलगाडी? आठ! म्हणजे एक बैलगाडी आठ मोटारींएवढी. तिने आठ मोटारींएवढी माणसं नेली म्हणून नव्हे हं. ती हळू चालते, मागच्या गाड्यांना अडवते म्हणून.

हे ऐकलं आणि माझ्या मनातलं कोडं सुटलं. हे माप रस्त्यावरून कोण गेलं ते सांगत नाही. कुणी किती जागा अडवली तेवढंच सांगतं. साठ माणसं भरलेली एसटी तीन. एकेक माणूस बसलेल्या तीन मोटारीही तीनच. मोटारसायकलवर एकटा तरुण असो, की पुढे पोरगं, मागे पदर सावरत एका अंगाने बसलेली बाई आणि तिच्या मांडीवर तान्हं मूल असो, हिशेब अर्ध्याचाच.

आणि डोक्यावर जळतणाचा भारा घेऊन साइडपट्टीवरून चालणारी बाई? फाट्यावर उन्हात काळी-पिवळीची वाट बघत उभी असलेली गरोदर बाई? शाळेचं दप्तर पाठीला लावून पलीकडे जायची संधी शोधणारी मुलगी? मोजणीच्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकानाच नाही. बैलगाडी आठ, बाई शून्य.

बाईच्या चालण्याने रस्ता झिजत नाही, तिच्या उभं राहण्याने गाडी अडत नाही. म्हणून ती हिशेबात येत नाही. झिजतात त्या तिच्या टाचा.

हे आपल्याला नवं नाही

आपण कधी मोजल्या जातो आणि कधी नाही, याचा अनुभव आपल्याला जुना आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया-आज्या रस्त्यांच्या कामावर खडी फोडायला गेल्या. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये महाराष्ट्राने केला. मराठवाड्यातले किती रस्ते त्या बायांच्या हातांनी झाले! त्यांच्या फोडलेल्या खडीचे ढीग फूटपट्टीने मोजले गेले. तो रस्ता पुढे वापरताना मात्र तीच बाई मोजणीतून गळाली.

ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणी इथे आहेत. गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातून दरवर्षी माणसं जातात. मुकादम काय मोजतो? कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईने तोडलं, मोळी बांधली, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहिलं, तरी हिशेबात ती वेगळी दिसत नाही. रस्त्याच्या मोजणीतही नवऱ्याच्या मोटारसायकलमागे बसलेली बाई तशीच दिसत नाही.

आता जनगणनेचं बघा. कामाला जाणारा माणूस घरापासून किती लांब जातो आणि कशाने जातो, पायी, सायकलने की बसने, हा प्रश्न २०११ च्या जनगणनेत होता. चांगला प्रश्न! पण तो विचारला 'इतर कामगारां'ना. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात काम करणारे यांना वगळून. आपल्या जिल्ह्यात काम करणाऱ्या बायांत बहुसंख्य शेतात राबणाऱ्या. निंदणी-खुरपणीला, कापूस वेचणीला दोन-दोन कोस चालत किंवा टमटममध्ये दाटीवाटीने बसून जाणाऱ्या. त्यांना हा प्रश्नच विचारला गेला नाही. सरकारदरबारी त्या कामाला पोचतात, पण कशा पोचतात हे कुणाला ठाऊक नाही.

रस्त्याची आखणी करताना कधीकधी गाड्या थांबवून विचारतात, कुठून आलात, कुठे चाललात, कशासाठी? विचारतात कुणाला? गाडी चालवणाऱ्याला. आणि आपल्याकडे स्टिअरिंग कुणाच्या हाती असतं? मागे बसलेल्या बाईला कुणी विचारत नाही. विचारलं तरी तिच्या जाण्याला एका शब्दाचं उत्तर नसतं. बुधवारी ती बाजाराला निघते. वाटेत गिरणीत दळण ठेवते, पोराला दवाखान्यात दाखवते, रेशन आलं का बघते, माहेरच्या आजारी आईला डबा देते आणि येताना दळण घेते. याला एक प्रवास म्हणायचं की पाच? स्पेनमधल्या इनेस सांचेझ दे मादारियागा या अभ्यासक बाईंनी अशा जाण्यायेण्याला 'काळजीचा प्रवास' असं नाव दिलं. घरातल्यांची काळजी घेण्यासाठी केलेला प्रवास. त्यांचं म्हणणं असं की हा प्रवास खरेदी, भेटीगाठी, इतर अशा वेगवेगळ्या रकान्यांत विखुरतो, म्हणून तो छोटा वाटतो. एकत्र केला तर तो नोकरीच्या प्रवासाच्या तोडीचा निघतो. आपल्या देशातल्या २०१९ च्या वेळेच्या पाहणीत असं दिसलं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो, तर असं काम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं. म्हणजे रस्त्यावर तिचं जाणंयेणं कोणत्या कामांसाठी असणार, ते उघड आहे.

मोजणी बदलली की निर्णयही बदलतो. स्वीडनमधल्या कार्लस्कूगा या गावाने साधारण २०११ च्या सुमारास आपल्या कारभाराकडे बाईच्या नजरेने पाहायचं ठरवलं. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतं. आधी मोटारींचे मोठे रस्ते साफ व्हायचे आणि मग पायवाटा. नीट पाहिल्यावर कळलं की पायी चालणाऱ्यांत बाया जास्त आणि बर्फावर घसरून पडणाऱ्यांतही त्याच जास्त. मग त्यांनी क्रम उलटा केला. आपल्याकडे बर्फ नाही, पण पावसाळ्यात आधी कुठला खड्डा बुजतो आणि कुठल्या पायवाटेचा चिखल तसाच राहतो, हे आपण पाहतोच.

ओलांडणाऱ्यांचा हिशेब

पायी माणसांना मोजतच नाहीत असं मात्र नाही. त्यांच्यासाठी वेगळा नियम आहे, आणि तो आपल्याला पाठ असायला हवा.

ओलांडायची खास जागा कुठे द्यायची हे ठरवताना गर्दीच्या तासात किती माणसं रस्ता ओलांडतात आणि त्याच तासात किती गाड्या जातात ते मोजतात. गाड्यांच्या आकड्याला त्याच आकड्याने गुणायचं आणि मग माणसांच्या आकड्याने गुणायचं. मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार दहा कोटींच्या वर गेला तर मागणी रास्त ठरते. दुभाजक असेल तर वीस कोटी.

करून बघू. तासाला ५०० गाड्या जात असतील तर ५०० गुणिले ५०० म्हणजे अडीच लाख. दहा कोटी गाठायला ओलांडणारी माणसं हवीत ४००. तासाला १००० गाड्या असतील तर माणसं हवीत १००. आणि समजा शाळेच्या वेळेला तीसच मुली ओलांडतात. मग गाड्या हव्यात तासाला अठराशेहून जास्त. आपल्या खेड्यातल्या फाट्यावर हा गुणाकार कधी व्हायचा? शिवाय ज्या मुलींनी भीतीने शाळा सोडली त्या तर आकड्यातून आधीच बाहेर पडल्या. रस्ता जितका धोक्याचा, तितक्या ओलांडणाऱ्या कमी. आणि ओलांडणाऱ्या कमी म्हणून सोय नको!

पण हाच एक निकष नाही. गाड्यांचा वेग, ओलांडणाऱ्याला किती वेळ ताटकळावं लागतं आणि पायी माणसांना झालेल्या दुखापतींची नोंद हेही त्याच मार्गदर्शक सूत्रांत आहे. म्हणजे गुणाकारात हरलो तरी घड्याळ आपल्या बाजूने बोलू शकतं.

ही मागणी चैनीची नाही. केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. मेल्यावर पायी माणसाला रकाना मिळतो. तो जिवंतपणी मिळावा एवढंच आपलं म्हणणं.

आम्ही मोजलं

त्या फाट्यावर आम्ही बसलो. तीन-तीनजणींच्या पाळ्या केल्या. एक गाड्या मोजणार, एक माणसं, आणि एकीच्या हातात घड्याळ. वही आमचीच होती, रकानेही आमचेच. पायी बाई, पायी पुरुष, मुलगी, मुलगा, डोक्यावर ओझं, कडेवर मूल, म्हातारं माणूस, काठी घेऊन चालणारं. वाहनाची वाट पाहत उभं असलेलं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ओलांडायला किती मिनिटं थांबावं लागलं.

ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी रेघा मारल्या. रकान्याच्या वर घागर, दप्तर, काठी अशी चित्रं काढून घेतली. पहिल्या दिवशी चुका झाल्या. रेघा मारता मारता ओळखीची बाई दिसली की गप्पा सुरू व्हायच्या आणि दोन ट्रक निघून जायचे. पाळीवर बसणाऱ्यांचा घरचा स्वयंपाक कुणी करायचा यावरून दोन घरांत वाद झाले. एका सासूबाई आधी फार रागावल्या, पण तिसऱ्या दिवशी स्वतः चहा घेऊन आल्या आणि घड्याळ हातात घेऊन बसल्या.

अंधार पडल्यावर एक गोष्ट लक्षात आली. संध्याकाळी रस्त्याकडेला जाणाऱ्या बायांचे घोळके. कशासाठी, ते इथे सगळ्यांना कळतं. घरी संडास बांधले गेले तरी पाणी नाही. गाडीचा दिवा अंगावर आला की त्या उठून उभ्या राहतात. कुठल्या वाहतूक गणनेत हे येईल? आमच्या वहीत आलं.

मोजणं आणि पाळत ठेवणं

आता एक अडचण सांगते, कारण ती लपवणं बरोबर नाही. चौथ्या दिवशी वही पाहिली तर एका पानावर रेघांच्या बाजूला नावं लिहिलेली. अमक्याची सून दुपारी एकटीच काळी-पिवळीत बसली. तमक्याची पोरगी शाळा सुटल्यावर अर्धा तास फाट्यावर थांबली, सोबत कोण होतं तेही. लिहिणारीचा हेतू वाईट नव्हता. तिला वाटलं जास्त माहिती म्हणजे जास्त चांगलं. पण गावात त्या पानाचं काय झालं असतं? दोन मुलींचं घराबाहेर पडणं बंद झालं असतं. आपणच सुरू केलेल्या कामाने!

ते पान आम्ही सगळ्यांच्या देखत फाडलं आणि नियम केला: रेघ मारायची, नाव लिहायचं नाही. मोजणी म्हणजे किती. पाळत म्हणजे कोण. पहिली आपल्याला हवी, दुसरी नको.

हा फरक मोठ्या पातळीवरही लक्षात ठेवा. आज रस्त्यांवर कॅमेरे बसतात आणि 'महिलांच्या सुरक्षेसाठी' असं सांगितलं जातं. काही ठिकाणी त्यांचा उपयोगही होतो. पण ते चित्र कोण बघतं, किती दिवस ठेवतं, कुणाला दाखवतं हे विचारायचा हक्क आपला आहे. मुलगी कुणाबरोबर दिसली यावरून जिथे जीव जातात, तिथे हा प्रश्न साधा नाही.

आणि सुरक्षेची यंत्रं तरी आपल्यापर्यंत पोचतात का? १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत गाडीचं ठिकाण कळवणारं यंत्र आणि धोक्याचं बटण बसवणं बंधनकारक झालं. पण तीनचाकी वाहनं त्यातून वगळली. आपल्या बाया कशात बसतात? ॲपेत, टमटममध्ये. खेड्यातली बाई ज्या गाडीत बसते नेमकी तीच वगळली गेली.

काय करायचं

त्या गावाने वहीतल्या रेघांची बेरीज केली, एका पानावर तक्ता मांडला, ग्रामसभेत वाचला, ठराव करून घेतला आणि अर्जासोबत जोडला. आता शाळेची पाटी लागली आहे, फाट्याच्या अलीकडे वेग कमी करायला जाड पांढरे पट्टे मारले आहेत. झेब्रा पट्ट्यांसाठी पाठपुरावा चालू आहे. चारपैकी दोन मुली शाळेत परत आल्या. एकीच्या घरच्यांशी बोलणं चालू आहे. एकीचं लग्न होऊन गेलं. आमची मोजणी तिच्यासाठी उशिरा झाली, हे मला इथे सांगायलाच हवं.

म्हणून तुम्ही उशीर करू नका. प्रत्येक गटाने चार गोष्टी कराव्यात असं मला वाटतं.

एक, आपल्या रस्त्याची सरकारी मोजणी मागून घ्या. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपयांत अर्ज होतो. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाहीत. रस्ता कोणत्या खात्याचा आहे, जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकामचा की राष्ट्रीय महामार्गाचा, ते आधी विचारून घ्या.

दोन, स्वतः मोजा. सात दिवस जमलं नाही तर शाळेचा एक दिवस, बाजाराचा एक दिवस आणि एक साधा दिवस तरी घ्या. शाळा भरण्याची-सुटण्याची वेळ आणि संध्याकाळ सोडू नका. थांबावं लागलेली मिनिटं लिहा. नावं लिहू नका.

तीन, एसटीचाही हिशेब मागा. फेरी चालू ठेवायची की बंद करायची हे भारमानावर ठरतं. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली, तेव्हापासून बाईचं तिकीट वेगळं फाटतं. म्हणजे कोणत्या फेरीला किती बाया बसल्या याची नोंद डेपोत असते. आपल्या गावची फेरी बंद करताना ती नोंद पाहिली का, हे विचारा. आणि ज्या बाया फेरी नाही म्हणून फाट्यावर उभ्या राहतात त्यांना आपण मोजा, कारण तिकीट न फाटलेली बाई भारमानात येत नाही.

चार, हे सगळं घेऊन ग्रामसभेत आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे जा. मोटार वाहन कायद्यात अशा समितीची तरतूद आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पायी चालणाऱ्यांना सुरक्षित पदपथ मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ते त्यांना वाचून दाखवा. आणि जनगणनेत शेतमजूर बाईलाही विचारा, 'तू कामाला कशाने जातेस?', ही मागणी आपण सगळ्या संघटनांनी मिळून लावून धरू.

सकाळी ज्या मावशींनी मला प्रश्न विचारला त्यांना आता माझा प्रश्न आहे. मावशी, तुम्ही आज इथवर कशा आलात? मघाशी जेवताना तुम्ही सांगितलंत, घरून फाट्यापर्यंत पायी, तिथे पाऊण तास उभ्या, मग टमटम, मग पुन्हा पायी. यातला एक टमटमचा तुकडा सोडला तर बाकी तुमचं येणं कुठल्याच कागदावर नाही. दारूबंदीच्या मोर्चाला यायचं, कोर्टात पोटगीच्या तारखेला पोचायचं, मार खाऊन मध्यरात्री माहेरी निघायचं, तर बाईला रस्ताच लागतो. म्हणून हा विषय आपला आहे.

दुपारच्या सत्रात कोऱ्या वह्या वाटणार आहोत. रकाने कोणते आखायचे ते आपण बसून ठरवू.